लॉगबुकातली एक ओळ

बडोदे,
रविवार दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, या सेमिस्टरला ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन नावाचा पेपर आहे. त्यात शिकण्यासारखं काही नाही. सगळ्यांना माहीत असलेलं मोठमोठ्या शब्दांत लिहिलंय." तेवढ्यात तुझी बस आली आणि तू फोन ठेवलास. तुझं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. काल कमाटीबागेत चालायला गेलो तर दोन फेऱ्या जास्त झाल्या, तरी त्याच विचारात होतो. आई म्हणाली, एवढं मनात आहे तर लिहून पाठवा. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं. यातली एक गोष्ट मी आईलाही कालच सांगितली.

दिवाळीत आलीस तेव्हा तुझं त्या विषयाचं, म्हणजे संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात त्याचं, पुस्तक इथेच राहिलं होतं. मी ते पुरतं वाचून काढलं. इंग्रजी जड आहे, पण माणसं आमच्याच कारखान्यातली वाटली. पहिल्या धड्यात एक चित्र आहे बघ. डावीकडे सांगणारा, उजवीकडे ऐकणारा, मधे बाण, आणि खालून उलट येणारा दुसरा बाण, त्याला नाव 'फीडबॅक'. असं चित्र बघून कोणीही म्हणेल, यात काय शिकायचं. मला तुझे आजोबा आठवले.

आजोबा स्टेशनमास्तर होते. एका लहान स्टेशनावर त्यांची बदली झाली होती तेव्हा शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसून असायचो. गाडी यायच्या आधी ते फाटकावरच्या गेटमनला फोन करत, गाडीचा नंबर सांगत आणि फाटक बंद करायला सांगत. गेटमन "हो साहेब" म्हणाला तर त्या "हो"ला काही किंमत नव्हती. तो उठायचा, फाटक लावायचा, कुलूप घालायचा, परत फोनपाशी यायचा आणि त्याच्याजवळच्या छापील कागदावरचा एक दोन अंकी आकडा सांगायचा. आजोबा तो आकडा रजिस्टरात लिहून घेत, वेळ टाकत. तिकडे गेटमन आपल्या कागदावरचा तो आकडा खोडायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकडे कागदावर कसेही उलटसुलट छापलेले, त्यामुळे पुढचा कोणता येणार हे कोणाला अंदाजाने सांगता येत नाही. आजोबांच्या रजिस्टरात सत्तेचाळीस लिहिलेलं असेल आणि गेटमनच्या कागदावर सत्तेचाळीस खोडलेलं असेल, तर त्या दोघांचं त्या गाडीबद्दल बोलणं झालं होतं आणि फाटक लागलं होतं. आकडा मिळाल्याशिवाय आजोबा सिग्नल देत नसत. मी एकदा विचारलं, गेटमनकाका खोटं बोलतील असं वाटतं का तुम्हाला? ते म्हणाले, खोटं नाही रे, झोपेतही माणूस "हो" म्हणतो.

तुझ्या पुस्तकातला तो खालचा बाण म्हणजे हा आकडा. तो बाण चित्रात आपोआप काढता येतो, प्रत्यक्षात कोणीतरी उठून फाटकापर्यंत जावं लागतं.

मी निवृत्त व्हायच्या आधीची काही वर्षं आमच्या शिफ्टच्या सूचना व्हॉट्सॲपवर यायला लागल्या होत्या. सूचना आली की खाली वीस-पंचवीस अंगठे. माझ्या लहानपणी ज्याला वाचता येत नसे तो कागदावर अंगठा उमटवायचा. आता वाचता येणारी माणसं न वाचता अंगठा पाठवतात, आणि साहेब त्यालाच पोहोच समजतात. मी माझ्या शिफ्टला सांगून टाकलं होतं, अंगठा चालणार नाही, काय करणार ते एका ओळीत लिहा. मुलं कुरकुर करायची.

मी इतका आग्रही का झालो, ते आता लिहितो.

१९९४ सालची गोष्ट. नोकरीला तीन वर्षं झाली होती, नुकताच शिफ्ट इनचार्ज झालो होतो. कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची एक टाकी होती, तिला आम्ही लायची टाकी म्हणायचो. आत फ्लोट तरंगायचा, तो तारेने बाहेरच्या काट्याला बांधलेला, आणि काटा पट्टीवर सरकायचा. पट्टी बघून टाकी किती भरली ते कळायचं. त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, दोन ते दहा. दहाला दहा कमी असताना एक वयस्कर ऑपरेटर केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, "साहेब, आ कांटो चोंटी जाय छे." काटा अर्ध्याच्या जरा पुढे गेला की अडकतो, तारेला टिचकी मारली की सुटतो, असं त्यांनी हाताने करून दाखवलं. मी ऐकलं. खोटं कशाला लिहू, कानाने ऐकलं. बस दहा वाजून दहा मिनिटांनी सुटायची आणि ती चुकली तर गावात पोहोचायला रात्रीचा एक. मी लॉगबुक ओढलं आणि इंग्रजीत एक ओळ लिहिली: "कॉस्टिक टँक लेव्हल, वॉच." सही केली. पुढच्या इनचार्जला जाता जाता म्हटलं, बाकी सगळं नॉर्मल.

रात्री लायचा टँकर आला. पंप लावला. काटा अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन थांबला, आणि रात्रीच्या ऑपरेटरला वाटलं, अजून खूप जागा आहे. टाकी भरून वाहिली. खाली होजपाशी एक हेल्पर उभा होता, ठेकेदाराचा माणूस, उत्तर प्रदेशातून आलेला, माझ्याच वयाचा. लाय त्याच्या गमबुटात गेली. ॲसिड लागलं की माणूस लगेच ओरडतो. लाय आधी नुसती बुळबुळीत लागते, कळेपर्यंत आत शिरलेली असते. बूट काढून शॉवरखाली धरेपर्यंत दोन्ही पायांची कातडी गेली होती. चार महिने तो खाटेवर होता.

चौकशी झाली. फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना होता, त्यात लिहिलं गेलं, "ऑपरेटरचं दुर्लक्ष". खाली सह्या. त्यातली एक माझी आहे. माझी लॉगबुकातली ओळ तिथे होतीच, लेव्हलवर लक्ष ठेवा असं स्पष्ट लिहिलेलं. कागदावर मी सुटलो. रात्रीच्या ऑपरेटरची वेतनवाढ थांबली. मला कोणी विचारलं नाही की तुला नक्की काय माहीत होतं, आणि मीही सांगितलं नाही. पुढे सांगायची संधी नव्हती असं नाही, एकदा नाही तर अनेकदा होती. तो ऑपरेटर माझ्या आधी निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, आता त्याचं काय. ताई, तो रकाना मला आजही खोडता येत नाही.

त्या ओळीचा मी इतक्या वेळा विचार केला आहे की ती मला पाठ आहे. ती खोटी नव्हती. पण त्यात कोणी बघायचं ते नाही, काय बघायचं ते नाही. काटा अडकतो हे नाही, टिचकी मारायची हे नाही. मला चार गोष्टी माहीत होत्या आणि मी त्यातली एकही लिहिली नाही. जे लिहिलं ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहिलं नव्हतं, उद्या माझ्यावर येऊ नये म्हणून लिहिलं होतं. कार्यालयांत, कारखान्यांत अशा ओळींचे ढीग असतात. "योग्य ती काळजी घ्यावी." "संबंधितांनी नोंद घ्यावी." कोण संबंधित? तू पुढे नोकरीला लागशील तेव्हा तुझ्या हातूनही अशी ओळ लिहिली जाईल, थकलेली असशील, उशीर झालेला असेल. तेव्हा पेन थांबव.

आणि ती इंग्रजीत होती. टाकीवर उभी राहणारी माणसं गुजराती नाहीतर हिंदी वाचायची. इंजिनिअर केरळचे, आमच्यासारखे तिघे-चौघे बडोद्याचे मराठी, आणि लॉगबुक इंग्रजी, कारण ऑडिटला इंग्रजी लागतं. म्हणजे जो टाकीपासून सर्वांत लांब बसतो, त्याच्या भाषेत टाकीची खबर.

त्या दिवसांत मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचो. तिथे मला 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू' बघायला मिळाला. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली काढलेला राज्यकारभाराचा कोश. इंग्रजी शब्द, आणि त्याला गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, फारसी, बंगाली प्रतिशब्द. एवढा खटाटोप कशाला, असं पहिल्यांदा वाटलं. मग उमगलं. दरबार मराठी, रयत गुजराती, वरचा पत्रव्यवहार इंग्रजी. एकच हुकूम तीन ठिकाणी तीन अर्थांनी वाचला जाणार. त्यांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी ठरवायला घेतला. आणि त्याच्याही आधी, १८९३ मध्ये अमरेलीकडे आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. आपण शाळेत ते शिक्षणाच्या धड्यात शिकलो. मला त्यात तुझा विषय दिसतो. चावडीवर लावलेला कागद गावात एकालाच वाचता येत असेल तर बाकीच्यांसाठी तो एक माणूसच सरकार होऊन बसतो.

मी त्यावरून एक वही केली. दोन ऑपरेटर, एक हेल्पर आणि मी, रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं. शंभर-सव्वाशे शब्द, गुजराती आणि हिंदी. जे शब्द सगळ्यांच्या तोंडात होते ते तसेच ठेवले, ट्रिप, लीक, बायपास. व्हॉल्व्हला सगळे 'वाल' म्हणायचे, वहीत वालच लिहिलं. अडचण 'वॉच', 'नॉर्मल', 'ओके', 'चेक' अशा शब्दांची होती, कारण त्यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. 'नॉर्मल' आम्ही बंदच केला. आकडा लिहायचा, प्रेशर किती, लेव्हल किती. आणि पाळी बदलताना केबिनमध्ये बोलायचं नाही, जिथे भानगड आहे तिथे दोघांनी जाऊन उभं राहायचं आणि येणाऱ्याने जाणाऱ्याला परत सांगायचं, मी काय समजलो. आजोबांचा सत्तेचाळीस.

पाळी बदलणं या एका गोष्टीवर तुझ्या पुस्तकात जेमतेम अर्धं पान आहे याचं मला वाईट वाटलं. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पायपर अल्फाची हकिगत शिकवायचे. स्कॉटलंडच्या बाजूला उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. दिवसपाळीने एका पंपावरची सेफ्टी झडप दुरुस्तीला काढली, काम संपलं नाही, तिथे नुसतं झाकण बसवून ठेवलं. पंपाच्या कामाचं परमिट वेगळं आणि झडपेचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीने कागद बघितले, पंपाचा कागद सापडला, झडपेची खबर त्यांच्यापर्यंत आलेली नव्हती. त्यांनी तो पंप चालू केला. झाकणातून वायू सुटला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेलो होतो. परमिट होतं, नियम होते, कागद लिहिलेला होता. माझीही ओळ लिहिलेली होती.

आता वरच्या दिशेचं सांगतो, कारण माझ्या मते तुझ्या विषयाचं मर्म तिथे आहे. अपघातानंतर महिन्याभराने चहाच्या लारीवर त्या वयस्कर काकांनी मला सांगितलं, "में तो बधाने कह्युं हतुं." पंधरा दिवस ते प्रत्येक पाळीच्या इनचार्जला सांगत होते. मी तिसरा. मग मी जुनी रजिस्टरं काढून बघितली. काका म्हणाले होते, काटा अडकतो. एका इनचार्जने लिहिलं, काटा कधी कधी अडकतो. आठवड्याच्या रिपोर्टात झालं, लेव्हल काट्याचं मेंटेनन्स बघावं. महिन्याच्या रिपोर्टात ते "किरकोळ कामे" या मथळ्याखाली गेलं. कोणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने एकेक शब्द गुळगुळीत केला, कारण वरच्याला कडू सांगायला कोणालाच आवडत नाही, आणि वरच्यालाही ते ठाऊक असतं. चॅलेंजर यानाच्या वेळी, १९८६ च्या जानेवारीत, हेच झालं. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत दगा देईल म्हणून ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर आदल्या रात्री उड्डाणाला विरोध करत होते. अखेरचा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत तो विरोध पोहोचलाच नाही. सात जण गेले.

तुझ्या पुस्तकातला फेयॉलचा तो पूल तू नुसता पाठ करू नकोस. फ्रान्समध्ये खाणींच्या कंपनीचा कारभार बघितलेला माणूस तो, १९१६ साली त्याने लिहिलं की दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी प्रत्येक गोष्टीसाठी शिडी चढून वर जायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, यापेक्षा वरिष्ठांच्या संमतीने मधे फळी टाकून थेट बोलावं. आमच्याकडे प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स यांच्यात अशी फळी नव्हती. काटा दुरुस्त करणारा फिटर त्या टाकीपासून पन्नास पावलांवर बसायचा. काका त्याला थेट सांगू शकत नव्हते, स्लिप इनचार्जमार्फतच जायला हवी. पन्नास पावलं, पंधरा दिवस.

हॉथॉर्नच्या प्रयोगांबद्दल तुमच्या सरांनी उजेडाचंच सांगितलं असेल, दिवे कमी-जास्त केले तरी काम वाढलं, वगैरे. ते सगळेच सांगतात. मला त्यापुढचा भाग आवडला. शिकागोजवळच्या त्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ नंतर संशोधक २०,००० हून जास्त कामगारांशी बोलले. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत होते, पण कामगार भलतंच बोलायचे. मग त्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि माणसाला जे बोलायचं ते बोलू दिलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. ऐकणाऱ्याने मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही. हे मी करून बघितलं आहे. काकांसारखा माणूस पहिल्या वाक्यात कधीच खरी गोष्ट सांगत नाही. आधी कॅन्टीनची भाजी, मग बसची तक्रार, मग उठता उठता "साहेब, अजून एक". माझ्याकडे त्या दिवशी दहा मिनिटं होती आणि ते थेट मुद्द्यावर आले, यावरूनच मला कळायला हवं होतं की ते किती घाबरले आहेत.

तू म्हणत होतीस, प्रोजेक्टला एखाद्या मोठ्या आयटी कंपनीची वेबसाइट घेऊन त्यांचं कम्युनिकेशन लिहिणार. मर्जी तुझी, पण वेबसाइटवर सगळं नॉर्मलच असणार. त्यापेक्षा तुमच्या हॉस्टेलच्या मेसची तक्रारवही माग. गेल्या वर्षभरात कोणी काय लिहिलं, कोणी वाचलं, खाली कोणाची सही, आणि ताटात काय बदललं, हे जुळवून बघ. स्वयंपाकघरातल्या मावशींना ती वही वाचता येते का, हेही विचार. किंवा एखाद्या हॉस्पिटलमध्ये परवानगी मिळाली तर सिस्टर लोकांची पाळी बदलताना कोपऱ्यात उभी राहा, सलग तीन दिवस, काही न बोलता. जाणारी सिस्टर काय सांगते आणि येणारी काय लिहून घेते, दोन्ही उतरव. तुझ्या पुस्तकातले सगळे शब्द तुला तिथे भेटतील.

माझी ती शब्दांची वही सापडली आहे. कव्हर गेलंय, लायचे डाग आहेत, पण वाचता येते. प्रोजेक्टला उपयोग झाला तर वापर. त्या अपघाताचं लिहिलंस तर तेही लिही, फक्त त्या ऑपरेटरचं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

शेजारच्यांचा मुलगा बुधवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर वही आणि एक डबा देतोय. डब्यात वर भाकरवडी आहे, खाली लिलो चेवडो. चेवडा ओलसर असतो, दोन-तीन दिवसांत संपव. लाल दोरीचं पाकीट तुझ्या रूममेटचं, तिला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून आईने तिचं वेगळं केलं आहे. हे तिला नीट सांग, आणि तिने काय ऐकलं ते मला फोनवर कळव.

तुझे,
बाबा